माझ्या नावाचा चुडा

सुखदेव कासार मेला तेव्हा आमच्या चौकात पोरांनी त्याचा फोटो लावला. फोटोला हार, आणि खाली मोठ्या अक्षरात खऱ्या प्रेमाबद्दल काहीतरी लिहिलेलं. तो माणूस आमच्या गावचा नव्हता. तो रोहिणखेडचा, माझ्या बायकोच्या माहेरचा. आणि ज्या प्रेमाबद्दल लिहिलं होतं ते माझ्याच बायकोवरचं. मी रोज सकाळी डेअरीत दूध घालायला त्या चौकातून जातो. चार दिवस त्या फोटोखालून गेलो. पाचव्या दिवशी पानटपरीवाल्याला म्हणालो, "तू काढतं का मी काढू?"

"आबा, मेलेल्या मानसावर काऊन राग धरता?"

"जित्त्यावर धरला होता. मेला म्हनून सोडू का?"

त्यानं काढला, पण तोंड वाकडं करून. लोकांना गोष्ट आवडते, आणि अशा गोष्टीत नवरा नसला तर जास्तच आवडते. मी चौथी शिकलेला माणूस आहे. अर्ज सोडून आजवर काही लिहिलेलं नाही. पण सुखदेवला मी चाळीस वर्षं पाहिला आहे, आणि राग धरून पाहिला आहे. तसं त्याला कुणी पाहिलं नसेल. म्हणून मीच लिहितो.

दिसायला काही नव्हता. काटकुळा, पाठीत वाकलेला, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. सायकलच्या कॅरियरवर पत्र्याची पेटी आणि तिच्यावर दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा. बाकीचे बांगडीवाले गल्लीच्या तोंडापासून बोंबलत येतात. हा आमच्या मारुतीच्या पाराला सायकल टेकवायचा आणि गप बसायचा. बाया आपोआप यायच्या. संक्रांत, आखजी, नागपंचमी, दिवाळी. वर्षातून चार खेपा. पाऊस असला की कुणाच्या तरी ओसरीत बसायचा, आणि ओसरी मोठी म्हणून बहुतेक आमच्याच.

हात बाईसारखे होते. त्यानं जन्मात कधी कुऱ्हाड धरली नाही की वखर. रोज बोटांना खोबरेल चोळायचा. नखं मुळापासून कापलेली. तंबाखू खात नसे, का म्हणून विचारलं तर म्हणे, "हाताले वास राह्यते. बायाईले नाई आवडत." आम्ही ओट्यावर बसून हसायचो. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडी होती. ती का, ते पुढं येईल.

बांगडी भरताना तोंडाकडे पाहत नसे, मनगटाकडे पाही. एकदा माझ्या भावजयीनं त्याची गंमत करायची म्हणून पदर नाकापर्यंत ओढला आणि दुसरीच्या पाळीत जाऊन बसली. त्यानं हात घेतला न घेतला तोच म्हणाला, "शांताबाई, मांगच्या खेपीले अंगठा दुखत होता. आता बरा दिसते." बाया हसून लोळल्या. मी हसलो नाही. या गावातल्या प्रत्येक बाईचा अंगठा या माणसाला ठाऊक, आणि तिच्या नवऱ्याला नाही, हे मला तेव्हाच खटकलं.

त्याची रीत अशी की बाईचा हात तो क्षणभरसुद्धा मोकळा करत नसे. जुन्या बांगड्या काढताना एक मागं ठेवायची, नव्या चढल्या की मग ती उतरवायची. नवरा जिवंत असताना सवाष्णीचं मनगट बोडकं दिसू नये. कुणी घाई केली की म्हणायचा, "काच हाये बाई. जोरानं नाई जात, धीरानं जाते." भरताना एखादी फुटली तर फुटली म्हणत नसे, 'वाढली' म्हणायचा. पेटीतून दुसरी काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून अंगठा चोळायला लागायचा.

आमच्या गल्लीत एक पोरगी तिशीच्या आतच विधवा झाली. दोन वर्षांनी ती एकदा पाराजवळ येऊन नुसती उभी राहिली. सुखदेव म्हणाला, "बस ना बाई. कोनता रंग?" म्हाताऱ्या बाया खवळल्या. एक म्हणाली, "कासारा, कपाळ पाह्यलं का तिचं?" तो म्हणाला, "मी हात पाह्यतो, माय. कपाळ पाह्याचा धंदा नाई माहा." भरल्या त्यानं तिला बांगड्या, पिवळ्या. पुष्कळांनी वाहवा केली. मी म्हणालो, याला हात धरायला निमित्त लागतं. कोणी हसलं नाही. वच्छलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ताटात भाजी वाढता वाढता माझ्याकडे एकदा पाहिलं, बस.

खामगावची गोष्ट मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळली. सांगितली वच्छलाच्या चुलतीनं, तीही भांडणात, मला लागावी म्हणून. मी माहेरच्यांना मानपानावरून काही बोललो होतो. ती म्हणाली, "लय तोरा नका दाखवू जावईबुवा. आमची पोरगी खामगावच्या स्टँडवरून माघारी आनली म्हनून तुमच्या पदरात पडली."

वच्छला आणि सुखदेव पळून गेले होते. ती शेतकऱ्याच्या घरची, तो कासार, दोन्ही घरी लग्न होणं नव्हतं. सकाळच्या एसटीनं खामगाव, तिथून जलंबला जाऊन रेल्वे धरायची, असं ठरलेलं. एसटीत चढताना गर्दीत वच्छलाच्या बांगड्या पिचकल्या. दोन्ही हात मोकळे झाले. आता दुसऱ्या कुणी काय केलं असतं? पोरगी घेऊन पुढची गाडी धरली असती. या शहाण्यानं खामगावला तिला बाकड्यावर बसवलं आणि बाजारात गेला, हिरव्या बांगड्या आणायला. बोडक्या हाताची पोरगी लग्नाला कशी न्यायची म्हणून. तिथं तरी हाताला लागतील त्या घ्याव्यात की नाही? नाही. कासाराचं पोर ते. एकेक बांगडी नखावर वाजवून पाहत बसला, कुठं तडा आहे का. तेवढ्या वेळात जलंबची गाडी गेली आणि वच्छलाचे दोन भाऊ जीप घेऊन आले. हा बांगड्या घेऊन परत आला तेव्हा ती जीपमध्ये होती. भावांनी त्याला तिथंच स्टँडवर तुडवला. बोटं तेव्हा मोडली. पुढच्या महिन्यात माझं लग्न झालं.

मी वच्छलाला विचारलं. ती भाकरी थापत होती.

"खरं हाये का?"

"हाव."

"मंग?"

"मंग काय. तुमच्या घरात हाये ना मी."

आणि तिनं भाकरी उलटली. त्यानंतर चाळीस वर्षांत त्या विषयावर आम्ही बोललो नाही. ती माझ्या घरात होतीच. माझ्या आईचं हगणंमुतणं तिनं काढलं. माझा पाय मोडला त्या वर्षी शेत तिनं एकटीनं काढलं. तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. ही फार वाईट गोष्ट असते. चुकणाऱ्या बायकोला माणूस माफ करू शकतो. जी चुकतच नाही तिचं काय करायचं?

सुखदेवनं लग्न केलं नाही. याला लोक निष्ठा म्हणतात. मला विचाराल तर ही लबाडी आहे. संसार केला असता तर तोही आमच्यासारखा झाला असता, पोरांवर खेकसणारा, बायकोच्या आजारपणाला कंटाळणारा. लग्नच केलं नाही, म्हणून आयुष्यभर चांगला राहिला. आणि त्याच्या चांगलेपणाशी माझी बरोबरी मी घरात रोज करत राहिलो.

नागपंचमीचा आदला दिवस होता. पाऊस भुरभुरत होता, म्हणून बाया आमच्या ओसरीत जमल्या होत्या. मी वावरातून आलो तेव्हा वच्छलाचा नंबर लागलेला. तिचा हात याच्या हातात. मी पाय धुतले, डोकं पुसलं, तरी हात तिथंच. मी म्हणालो, "बाकीच्याईले इतका येळ नाई लागत, कासार."

वर न पाहता म्हणाला, "हात कडक झाले मालक. बाई काम लय करते."

मला ते टोचलं. मी म्हणालो, "तुह्या घरी असती तं नसतं केलं?"

वच्छलानं हात ओढून घेतला असता तर तिथंच मिटलं असतं. पण अर्ध्या अंगठ्यावर बांगडी होती, ओढता येत नव्हता. सुखदेव हळूच म्हणाला, "मालक, हा चुडा तुमच्या नावाचा हाये. मी फक्त भरून राह्यलो. मनातलं काढून टाका."

बरोबरच बोलला तो. बाईच्या हातातली बांगडी नवऱ्याच्या नावाची असते हे लहान पोरालाही कळतं. पण इतकी वर्षं हा माणूस वर्षातून चारदा येऊन, तिचा हात हातात धरून, माझ्या नावाच्या बांगड्या चढवत होता, हे मी त्या दिवसापर्यंत असं पाहिलं नव्हतं. ते मला सोसलं नाही. मी पेटीला लाथ मारली. काच अंगणभर झाली.

त्यानं आधी ती अडकलेली बांगडी नीट चढवली. हात पुरा भरला. मग तिचा हात सोडला आणि उठून अंगणात काचा वेचायला बसला. एकेक, चिखलातून. कुणीतरी म्हणालं, राहू दे, झाडून घेऊ. तर म्हणे, "बायाईचे पाय उघडे हायेत." अर्धा तास वेचत होता. एकदा तरी माझ्याकडे पाहील म्हणून मी उभा होतो. पाहिलं नाही.

मी म्हणालो, "आजपासून या उंबऱ्याच्या आत पाय नाई ठेवाचा."

"बरं मालक."

संध्याकाळी दिवा लावताना वच्छला म्हणाली, "तुमच्या मनात असं हाये तं मी नाई भरनार त्याच्या हातानं." आणि नाही भरल्या. मोताळ्याच्या बाजारातून आणायची आणि साबण लावून आपल्या आपण चढवायची. मनगटावर ओरखडे उठायचे. बावीस वर्षं. भांडली असती तर मी एकतर जिंकलो असतो नाहीतर हरलो असतो. ती भांडलीच नाही.

तो गावात येतच राहिला, पाराजवळ बसत राहिला. वच्छला पाण्याला तिथूनच जायची. मी कधी कधी मुद्दाम ओट्यावर बसून पाहायचो. दोघांपैकी एकानं तरी मान वर करावी, म्हणजे मला बोलायला जागा होईल. बावीस वर्षांत कुणी केली नाही.

मागच्या वर्षी वच्छलाची किडनी गेली. बुलडाण्याला दवाखान्यात ठेवली. अंग सुजलं, हात तर पुरीसारखे फुगले. सुई लावायची म्हणून तिथल्या नर्सनं बांगड्या तोडून काढल्या. तेव्हापासून वच्छला हात चादरीखाली ठेवायला लागली. कुणी भेटायला आलं की चादर गळ्यापर्यंत. मी म्हणालो, उकडते, काढ बाहेर. ती म्हणाली, "नवरा समोर बसला आन् हात बोडके. लोकाईले दाखवू का?"

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "रोहिनखेडले निरोप द्या. म्हना, हात भराले ये."

"घरी गेल्यावर पाहू."

"घरी जानं होते का नाई, कोनाले मालूम. द्या निरोप."

चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही एक गोष्ट. मी बाहेर व्हरांड्यात गेलो, थोडा वेळ उभा राहिलो आणि आत येऊन म्हणालो, "देल्ला."

दिला नव्हता. फोन माझ्या खिशात होता. नंबर माझ्या पोरीकडे, मंदाकडे होता, आणि मंदा खालीच चहा घेत होती. मी दिला नाही.

मग ती दाराकडे पाहायला लागली. दार वाजलं की पाहायची. सफाईवाली यायची, डबेवाला यायचा. मी पण पाहायचो, जणू मलाही वाट होती. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, आता ही त्याला बोल लावील. म्हणेल, आला नाही मेला. तेवढ्यासाठीच मी थांबलो होतो, आता लपवून काय करू. तिनं बोल लावला नाही. डोळे मिटून थोडी हसली आणि म्हणाली, "बसला असन बाजारात. वाजवून पाह्यत असन एकेक."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

सकाळी घरी आणली. बायांनी आंघोळ घातली, हिरवं पातळ नेसवलं. बांगड्या चढेनात. भावजयीनं जोर केला, एक वाढली. दुसरी वाढली. तिसरीची काच वच्छलाच्या तळहातात शिरली, पण रक्त काही आलं नाही, ते पाहून बाया रडायला लागल्या. भावजय म्हणाली, "हिरवा दोरा बांधा, चालते." मंदा म्हणाली, "नाई. माही माय मोकळ्या हातानं जानार नाई. सुखदेवमामाले बोलवते मी."

मामा. माहेरचा म्हणून पोरांचा मामा. तिनं फोन लावला, बोलली, आणि फोन माझ्यापुढं धरला. "मामा म्हनते, बाबा बोलत असतीन तं येतो."

मी फोन घेतला.

"मी बोलतो."

"बोला मालक."

"ये."

मग म्हणाला, "हात किती सुजले?"

"लय."

"गरम पानी करून ठेवा. निंगतो."

जावई मोटारसायकलवर घेऊन आला. म्हातारा झाला होता. उंबऱ्याशी थांबला. मी म्हणालो, "ये म्हनलं ना." मग आत आला. मनाशी ठरवून बसलो होतो की हा रडला तर हाताला धरून बाहेर काढायचा. तो रडला नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. बसला, चष्मा नीट केला, पाण्यात बोट घालून पाहिलं आणि मला म्हणाला, "मालक, इकून बसा. हात कोपरातून वर धरा. खाली गेला तं सूज उतरनार नाई."

मी धरला. दीड तास धरला. एकदा उजवा, मग डावा. तो ओल्या फडक्यानं बोटांकडून कोपराकडे सूज ढकलत राहिला, कणाकणानं, जणू हात दुखेल. मग प्लास्टिकची पातळ पिशवी हातावर ओढायची, तिच्यावरून बांगडी सरकवायची, आणि ती वाकडी दोन बोटं अंगठ्याच्या मुळाशी घालून तो गड्डा आत दाबायचा. ती बोटं त्याच कामासाठी वाकवून घेतल्यासारखी होती. बाहेर तिरडी बांधून झाली होती. कुणी ओरडलं, "आटपा हो, ऊन चढून राह्यलं." सुखदेव म्हणाला, "काच हाये." एवढंच. एकही वाढली नाही.

मला त्या दीड तासात कळलं की आम्ही दोघं एकच हात धरून बसलो आहोत. त्याला ते काही वाटलं नसावं. मला वाटलं.

मी मडकं घ्यायला अंगणात आलो तेव्हा तो मागून आला. म्हणाला, "मालक, एक इचारतो. दवाखान्यात तिनं मले बोलावलं होतं का?"

"नाई."

"याद करा."

"नाई म्हनलं ना."

त्यानं श्वास सोडला. खांदे खाली आले. म्हणाला, "बरं झालं. मले वाटलं, याही खेपीले मी उशीर केला का."

मी तिला खोटं बोललो तेव्हा त्याला तिच्या नजरेतून उतरवायचं होतं, आणि तो उतरला नाही. त्याला खोटं बोललो ते माझी लाज झाकायला, आणि त्यानं त्याचंच समाधान झालं. दोन्ही वेळा खोटं माझं, आणि दोन्ही वेळा पदरात त्याच्या पडलं. सहा महिन्यांनी तो मेला. त्याच्या मातीला मी गेलो नाही. सांगायचं असतं तर त्या सहा महिन्यांत सांगता आलं असतं, रोहिणखेड काही काशी नाही. सांगितलं नाही. आता घरी चहा मीच करतो, साखर सापडत नाही तेव्हा हाक मारायला तोंड उघडतो आणि मिटतो. चौकातला तो फोटो मी काढायला लावला तोही याचसाठी. खाली जे लिहायला हवं होतं ते त्या पोरांना माहीत नव्हतं. तिनं बोलावलं होतं. तो वेळेत आला असता. मी येऊ दिला नाही.

वच्छलाला नेली त्या दिवशी मसनात तो आला नाही. "सासरच्या मसनात माह्यं काय काम," म्हणाला. भावजयीनं हात धुवायला पाणी दिलं तर नको म्हणाला. खांदेकरी वाकले आणि त्याच वेळी जावयानं गाडी चालू केली. मी मडकं धरून उभा होतो, म्हणून वळणापर्यंत दिसला. जावयाच्या मागं बसलेला, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले, कशालाही न धरता. वळणावर मोठा खड्डा आहे. गाडी आदळली, तो एका बाजूला कलला, तरी हात हलवले नाहीत.

जावई नंतर सांगत होता, "मामाले म्हनलं, पडसान, खांद्याले धरा. तं म्हने, हात ओले हायेत." रोहिणखेडला घराशी उतरेपर्यंत त्यानं हात कशाला लावला नाही.